टायरवाल्या मामांना, मनापासून

मामा,

दुकानात आभार मानायला गेलं की तुम्ही "जालें गो, वच आतां" (झालं गं, जा आता) म्हणून पुढच्या चाकाकडे वळता. म्हणून हे पत्र, सगळ्यांच्या देखत.

तुमच्याकडे यायच्या आधी मी टायर घेत होते ते शहरातल्या एका मोठ्या दुकानातून. एसी, सोफा, पाणी विचारायला माणूस. पण पुढचे दोन्ही टायर बाहेरच्या कडेने गुळगुळीत झाले तेव्हा उत्तर मिळालं, "गोव्याचे रस्तेच असे." नवे टायर घातले, तेही तसेच गेले, उत्तर तेच. कुणी खाली वाकून बघितलं नाही. वर हवा चाळीसपर्यंत भरून द्यायचे, मायलेज वाढतं म्हणून. आणि बोलायचे ते माझ्या नवऱ्याशी. वाळपईहून गाडी रोज मी चालवते, बिलही मीच भरते.

तुमच्याकडे आले ती साध्या पंक्चरसाठी. खिळा काढून झाला तरी तुम्ही चाकाकडे बघतच राहिलात. मग खांद्यावरचं फडकं घेऊन टायरचा पट्टा नीट पुसलात. आधी मला कळेना का. पुसून झाल्यावर म्हणालात, "बाय, हात लावून पळय", म्हणजे बघ. माझा हात मळू नये म्हणून पुसलं होतं! तळवा बाहेरून आत नेला तर मऊ, आतून बाहेर आणला तर करवतीचे दात. पुढची चाकं किंचित आत वळलेली आहेत, त्यामुळे टायर फिरता फिरता घासला जातोय, हे तुम्हाला मग वेगळं समजवावंच लागलं नाही. माझ्या हातालाच कळलं. इतकी वर्षं गाडी चालवते, पण टायरला हात लावून बघ असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

रॅकवर माझ्या मापाचे टायर होते. तुम्ही विकले नाहीत. मागच्या टायरच्या खाचेतली ती बारीक उंच पट्टी दाखवून म्हणालात, रबर झिजून हिच्या बरोबरीला आलं की 1.6 मिलिमीटर उरलं, तेव्हा बदलायचा. हे अजून पुष्कळ चालतील. चाकं सरळ रेषेत आणायचं, अलाइनमेंटचं मशीन तुमच्याकडे नाही, म्हणून ज्याच्याकडे आहे त्याला स्वतः फोन लावलात. माझ्याकडून घेतलेत फक्त पंक्चरचे पैसे.

हवेचंही तसंच. ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरचा स्टिकर दाखवलात: कंपनीने लिहिलंय तेवढीच, आणि सकाळी, टायर थंड असताना मोजलेली. जास्त भरली की मधला पट्टा झिजतो, कमी भरली की दोन्ही कडा. पुढे टायर घ्यायची वेळ खरोखरच आली, तेव्हा किंमत सांगायच्या आधी तुम्ही कडेवरचे चार आकडे वाचून दाखवलेत. 3624, म्हणजे 2024 सालच्या 36व्या आठवड्यात बनलेला. नवी जोडी मागे घातलीत, कारण ओल्या रस्त्यावर गाडीचं मागचं अंग सुटलं तर सावरणं कठीण.

परवा त्याचा अर्थ कळला. गोमेकॉ हॉस्पिटलातून सासऱ्यांना घेऊन परतत होते, बाणस्तारीपुढे धो धो पाऊस, रस्ताभर पाणी. पुढचा ट्रक अचानक थांबला. मी ब्रेक दाबला आणि गाडी सरळ उभी राहिली. मागे सासऱ्यांची झोपही मोडली नाही. माझे हात मात्र घरी पोचेपर्यंत थरथरत होते, आणि डोक्यात तुम्हीच होता.

मामा, खनिजाचे ट्रक दुरुस्त करत तुमचं आयुष्य गेलं. माझ्यासारख्या छोट्या गाडीवालीला दोन टायर विकून मोकळं होणं तुम्हाला सोपं होतं, आणि मला ते कधी कळलंही नसतं. न कळणाऱ्या गिऱ्हाइकाशी असं वागणारी माणसं आपल्या गावांत आहेत, याचं मला फार अप्रूप वाटतं. अशांच्या दुकानावर मोठा बोर्ड नसतो, म्हणून त्यांच्याबद्दल आपणच बोलायला हवं.

चतुर्थीआधी माझी नणंद तिची गाडी घेऊन तुमच्याकडे येईल. तिच्या पुढच्या टायरची कड गेलीय, आणि तिलाही रस्त्यांचंच कारण सांगितलंय. तिलाही हात लावून बघायला सांगा.

तुमची,
वाळपईची बाय