संहिता नको म्हणणाऱ्यांनी आधी कागद काढावा

महोदय,

‘पटकथा कशाला, नट सेटवर बोलतीलच’ हे लघुपट करणाऱ्या पोरांच्या तोंडी हल्ली फार ऐकू येतं. १९२९ साली जिथं ‘प्रभात’ फिल्म कंपनी जन्मली, त्या कोल्हापुरात तरी यावर थोडं बोलायला हवं.

उत्स्फूर्त चित्रीकरणाला संवाद लागत नाहीत, आराखडा लागतोच. प्रसंगामागे तीन ओळी पुरतात: कुणाला काय हवंय, आडवं कोण येतंय, प्रसंग कशावर संपतो. ही शेवटची ओळ राहिली की नट नुसते बोलत सुटतात.

खरा घोळ संकलनात. मिसळीच्या टेबलावरचं भांडण घ्या. पहिल्या टेकला (म्हणजे चित्रीकरणाच्या पहिल्या खेपेला) नटानं ब्रेड मिसळीच्या कटात बुडवताना ‘जा’ म्हटलं, दुसऱ्या टेकला वाटी रिकामी झाल्यावर. आता जोडणार कसं? त्यात दोघं एकदम बोलले, की एका माईकवरचे आवाज नीट सुटे होत नाहीत. म्हणून दोन कॅमेरे एकाच वेळी लावा, प्रत्येकाला वेगळा कॉलर माईक द्या. नाहीतर तालमीत सुचलेलं मोबाइलवर रेकॉर्ड करून लिहून काढा आणि तेच चित्रित करा. हा मार्ग स्वस्त, आणि माझ्या मते शहाणपणाचा.

नवख्या लेखकानं मात्र पूर्ण संहिता लिहावीच. रूढ मांडणीत एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. १५ मिनिटांच्या लघुपटाची २५ पानं झाली, तर कात्री कागदावरच लागते, फुकटात. रंकाळा तलावावर मावळतीचा उजेड जेमतेम टिकतो. तिथं सहा पानी संभाषण बसणार नाही, हेही पानं मोजल्यावरच कळतं.

– एक वाचक, कोल्हापूर