डब्यावर १९९३ ते २००६ छापता, मग गाडी जुनी आहे हे मला कशाला सांगता?

प्रति,
कस्टमर केअर प्रमुख आणि क्वालिटी विभाग

विषय : तुम्ही बनवलेले मारुती झेन गाडीचे लोअर आर्म आणि टाय रॉड एंड २,३२० किलोमीटरमध्ये खलास, वॉरंटी नाकारली, तक्रार मला न विचारता दोनदा बंद केली

आत्ताच तुमच्या माणसाचा फोन ठेवलाय आणि लगेच लिहायला बसलोय. आजचा धरून सातवा फोन. यापुढे फोन करणार नाही, जे काय ते लेखी.

गाडी मारुती झेन, १९९९ ची, कार्बोरेटरवाली, साताऱ्यात पहिल्यापासून माझ्याकडेच. ऑगस्टमध्ये पुण्याला नाना पेठेत जाऊन तुमच्या अधिकृत डीलरकडून पक्क्या बिलावर पूर्ण सेट घेतला. दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरून ठेवणारे दांडे) बॉल जॉइंटसकट, दोन्ही टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारे सांधे), स्टॅबिलायझर बारचे रबरी बुश, सगळे मिळून ३,६४० रुपये. शेजारच्या दुकानात हेच सामान निम्म्या किमतीत बिननावाच्या प्लास्टिक पिशवीत मिळत होतं, ते घेतलं नाही कारण स्टेअरिंगच्या पार्टात पैसे वाचवायचे नसतात. हॉर्न बंद पडला तर माणूस घरी पोचतो, बॉल जॉइंट सॉकेटातून निसटला तर चाक आडवं होतं आणि हातात नुसतं स्टेअरिंग राहतं. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही हेच बनवता.

बसवताना मीटर १,३१,२४० होता. पहिल्याच दिवशी अलाइनमेंटवाल्याने सांगितलं की टो (चाकं पुढून आत-बाहेर किती वळलीत ते) सेट होतोय पण डाव्या चाकाचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) बसत नाहीये. झेनला कॅम्बर ॲडजस्ट करायची सोयच नाही, टाय रॉड फिरवून फक्त टो जुळवता येतो, बाकी सगळं आर्मच्या लांबीवर आणि स्ट्रटवर, म्हणजे शॉकअपच्या खांबावर. आर्म बरोबर लांबीचा नसेल तर जगातलं कुठलंही मशीन ते चाक सरळ करू शकत नाही. तेव्हा मला वाटलं शॉकअप थकले असतील, चालवत राहिलो. ती माझी चूक, कबूल. डिसेंबरपर्यंत डावा टायर आतल्या कडेने असा खाल्ला की तार दिसायला लागली, आणि यवतेश्वरचा घाट उतरताना प्रत्येक वळणाला खालून कट् कट् आवाज.

मेस्त्रीने जॅक लावला. चाक वर-खाली धरून हलवलं तर बॉल जॉइंटात प्ले, म्हणजे ढिलेपणा, आडवं धरून हलवलं तर टाय रॉड एंडात प्ले. दोन्ही बाजूंना. मीटर १,३३,५६०. म्हणजे २,३२० किलोमीटर. याआधीचे ओरिजिनल आर्म याच गाडीवर, याच रस्त्यांवर, ६८ हजार किलोमीटर चालले होते.

काढून टेबलावर ठेवले तेव्हा सगळं कळलं. डावा आणि उजवा आर्म बुशच्या मध्यापासून बॉल जॉइंटच्या पिनपर्यंत मोजला, चार मिलिमीटरचा फरक. टेपने मोजला, मग मेस्त्रीने त्याच्या व्हर्नियरने तुकड्यातुकड्याने मोजला, तेवढाच आला. टाय रॉड एंडचा रबरी बूट (सांध्यावरची टोपी) चार महिन्यांत चिरलेला, आत ग्रीस नावाला, पाणी आणि माती जाऊन बॉल गंजलेला. बूट फाटला की जॉइंट संपला, हे गॅरेजमधल्या पोराला पण माहितीये, मग अख्ख्या पार्टात सगळ्यात हलका माल तुम्ही बूटलाच का वापरता? उजव्या टाय रॉडच्या कॅसल नटाची (वर खाचा असलेला नट, त्यातून पिन घालून तो अडकवतात) खाच पिनच्या भोकाशी जुळतच नव्हती, बसवताना मेस्त्रीला खाली वॉशर टाकून स्प्लिट पिन घालावी लागली होती. या चारही गोष्टींचे फोटो मी मेलवर पाठवलेत, एकदा नाही, तीनदा.

तुमच्याकडून काय आलं? पहिल्यांदा 'रस्ते खराब आहेत'. दुसऱ्यांदा 'अधिकृत मेकॅनिककडून बसवलेलं नाही', जे तुमच्या वॉरंटी कार्डावर कुठेही लिहिलेलं नाही, कार्डावर सहा महिने किंवा १०,००० किलोमीटर एवढंच आहे. तिसऱ्यांदा 'माल डुप्लिकेट असू शकतो'. डब्यावरचा होलोग्राम खरवडून कोड टाकला होता, 'अस्सल उत्पादन' असा तुमचाच मेसेज आलेला आहे, तो पण पाठवला. त्यावर उत्तर नाही, 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे' असा एसएमएस. कोणी सोडवली? काय सोडवलं? तक्रार परत उघडली, आठ दिवसांनी परत तोच एसएमएस.

आणि आजचा फोन. हा मी शब्दाला शब्द लिहितोय कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग आहे, ऐका. अकरा वाजून वीस मिनिटांनी फोन लागला, वीस मिनिटं संगीत ऐकलं, मग तुमच्या टेक्निकल विभागाचा माणूस आला. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, कॅम्बर, चार मिलिमीटर, बूट, सगळं. त्याने मध्येच विचारलं, "काका, गाडी कुठल्या सालची?" म्हटलं १९९९. तो म्हणाला, "अजून चालवता तुम्ही ती?" म्हटलं हो, रोज. तर म्हणतो, "काका, एवढ्या जुन्या गाडीत नवीन पार्ट टिकणारच नाही, उगाच खर्च करताय, स्क्रॅपला द्या ना." मी विचारलं, दोन आर्ममध्ये चार मिलिमीटरचा फरक आहे त्यात गाडीच्या वयाचा काय संबंध? तो गप्प. मग म्हणाला, "काका, सिस्टिममध्ये एज ऑफ व्हेईकल असा रिझन टाकून क्लोज करतोय, ठीके?" मी म्हटलं ठीक नाही, लिहा की ग्राहक नाही म्हणाला. मागून कोणीतरी हसलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. फोन कट.

साहेब, तुमच्या डब्यावर मोठ्या अक्षरात छापलंय, 'झेन १९९३ ते २००६'. २००६ ला ती गाडी बंद झाली. म्हणजे हा पार्ट तुम्ही बनवताच फक्त जुन्या गाड्यांसाठी, नवीन झेन रस्त्यावर एकही नाही. मग गाडी जुनी आहे हे वॉरंटी नाकारायचं कारण कसं होतं? पैसे घेताना गाडी चालते, तक्रार घेताना ती भंगार कशी होते? याचं उत्तर मला लेखी पाहिजे.

आणि माझी गाडी भंगार नाही. २०१४ ला, २०१९ ला आणि २०२४ ला तिचं पासिंग झालंय, शेवटच्या वेळी ५,००० रुपये फी भरून, वर पर्यावरण कर भरून. आरटीओने स्टेअरिंग, ब्रेक बघून पास केलेली गाडी तुमचा फोनवरचा माणूस न बघता भंगारात काढतो. अशा गाड्या ठेवणारे लोक हौसेपोटीच ठेवतात असं नाही, बऱ्याच जणांना दुसरी परवडत नाही, तीच गाडी घेऊन दवाखान्यात जातात, तीच घेऊन गावाला जातात. त्यांना कॅम्बर माहिती नसतो. ते डब्यावरचं नाव बघून विश्वास ठेवतात.

मीही तेच केलं. माझ्या वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीला तुमचेच टाय रॉड एंड असायचे, ते दुसरं नाव घेऊ द्यायचे नाहीत दुकानदाराला. ग्रीस निपलवाले होते ते, दर सर्व्हिसला ग्रीस मारायचं आणि विसरून जायचं. तोच लोगो अजून डब्यावर आहे म्हणून मी निम्म्या किमतीचा माल सोडून तुमच्याकडे आलो. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलंय, पैशापेक्षा.

आणखी एक. आतल्या डब्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष नाही, एका स्टिकरवर दुसरा स्टिकर चिकटवलाय. पॅकबंद मालावर हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. रबर किती वर्षं गोडाऊनमध्ये पडून होतं हे मला कळायचं कसं?

माझा खर्च : पार्ट ३,६४०, मजुरी दोनदा मिळून ३,६००, अलाइनमेंट दोनदा १,०००, पुढचे दोन टायर ५,९००. एकूण १४,१४० रुपये, सगळ्याची बिलं आहेत. हे परत पाहिजेत. नुसता बदली सेट पाठवलात तर घेणार नाही, त्याच बॅचचा माल मी गाडीखाली लावणार नाही. सध्या कोल्हापूरच्या एका जुन्या दुकानदाराकडे फडताळात मागे पडलेला ओरिजिनल आर्मचा जोड मिळाला, पदरचे पैसे घालून तो लावलाय, ते मी तुमच्याकडून मागतसुद्धा नाहीये.

दुसरी मागणी पैशाची नाही. ही बॅच दुकानांतून परत उचला. बॅच नंबर फोटोत आहे. चार मिलिमीटरचा फरक एकाच आर्ममध्ये आला असेल असं मला वाटत नाही, आणि तो आर्म आत्ता कोणाच्या तरी गाडीखाली आहे.

पंधरा दिवस थांबतो. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर नोंद आणि जिल्हा ग्राहक आयोगात केस, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाची जबाबदारी थेट उत्पादकावर टाकलेली आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी पण नाही. वजनमापे खात्याकडे स्टिकरची तक्रार वेगळी जाईल.

काढलेले चारही पार्ट धुतलेले नाहीत, आहेत तसे माती-गंजासकट पिशवीत बांधून मेस्त्रीच्या सहीची चिठ्ठी लावून घरी ठेवलेत. तपासायला माणूस पाठवा, माझ्यासमोर मोजू दे. न्यायचे असतील तर एक डावा आणि एक उजवा नेता येईल, लेखी पोच देऊन. बाकीचे दोन माझ्याकडेच राहतील.

तुमचा ग्राहक, सातारा
(बिल, वॉरंटी कार्ड, होलोग्रामचा मेसेज आणि फोटो चौथ्यांदा जोडले आहेत)