छापखान्यातल्या काकांचे आणि पाटी रंगवणाऱ्या आजोबांचे आभार

ग्राफिक डिझाइनचे प्राथमिक धडे गिरवताना कोल्हापुरातील ज्या माणसांनी मला मदत केली, त्यांपैकी अनेकांची नावेही मी विचारली नाहीत, म्हणून हे आभार जाहीरपणे मानत आहे. मंगळवार पेठेतील एका छापखान्यात मी तालमीच्या कार्यक्रमाचे पहिले पत्रक घेऊन गेलो, तेव्हा मशीनवरील काकांनी हातातले काम थांबवून, पडद्यावरील लाल, हिरवा, निळा प्रकाश आणि कागदावरील आकाशी निळी (सायन), किरमिजी, पिवळी, काळी शाई यांतील फरक नमुने दाखवून समजावला. माझा झळझळीत भगवा छपाईत मंद का उतरला, हे तेव्हा उमगले. कागद कापल्यावर कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून कडेबाहेर ३ मिलिमीटर रंग वाढवण्याची आणि छायाचित्र ३०० डीपीआयचे (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) घेण्याची सवयही त्यांनीच लावली. चित्रकार आणि चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या या शहरात दुकानांच्या पाट्या आजही हाताने रंगवणाऱ्या एका आजोबांनी तर खडूने अक्षरे काढून दाखवली: देवनागरीत शिरोरेषेवर वेलांट्या व मात्रा आणि खाली उकार येतात, त्यामुळे दोन ओळींमध्ये रोमन लिपीपेक्षा अधिक जागा सोडावी लागते. हे मला कोणत्याही सॉफ्टवेअरने सांगितले नव्हते. या सर्वांचा मी मनापासून ऋणी आहे. पुढील पत्रकाची पहिली प्रत मी काकांना स्वतः नेऊन देणार आहे.