स्वस्त रिचार्ज, पण कोणासाठी?

मोबाइल कंपन्यांनी इंटरनेटविना, फक्त कॉल आणि एसएमएससाठी रिचार्ज आणल्याची बातमी वाचली. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने डिसेंबर २०२४मध्ये दिलेल्या आदेशाचे हे फळ. साधा फोन वापरणाऱ्या ज्येष्ठांना आणि मजुरांना न लागणाऱ्या डेटाचे पैसे भरावे लागू नयेत, हा त्यामागचा हेतू रास्तच आहे. मात्र दर पाहिले की आदेशातली पळवाट दिसते.

जानेवारी २०२५मध्ये जिओचा असा रिचार्ज ४४८ रुपयांना, तर एअरटेलचा ४६९ रुपयांना जाहीर झाला. दोन्हींची मुदत ८४ दिवस. २८ दिवसांचा हिशेब केला तर तो साधारण दीडशे रुपयांवर येतो. पण २८ दिवसांचाच रिचार्ज हवा असेल, तर तेव्हा एअरटेलच्या ग्राहकाला दोन जीबी डेटासह १९९ रुपयांचाच घ्यावा लागत होता. म्हणजे ज्याच्या खिशात एकदम साडेचारशे रुपये नाहीत, त्यानेच नको असलेल्या डेटाचे पैसे मोजायचे! रोजंदारीवर जगणारे तीन महिन्यांचे पैसे आगाऊ कुठून भरणार?

‘ट्राय’ने कमाल मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवली, किमान मुदतीबद्दल मात्र बंधन घातले नाही. २०२२मध्ये याच संस्थेने प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा किमान एक रिचार्ज ठेवायला लावले होते. तसाच महिनाभराचा, फक्त बोलण्यासाठीचा रिचार्जही सक्तीचा करावा.

– एक वाचक, सोलापूर