दुधाविना कोल्ड कॉफी: नुसती अदलाबदल पुरत नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

थंड पेयांच्या पाककृतींत शेवटी एक ओळ हमखास असते: ‘दूध नको असल्यास बदाम किंवा सोया दूध वापरावे.’ तेवढ्यावर विसंबून केलेली कॉफी बहुतेक वेळा पाणचट होते, नाहीतर फाटते. गाईच्या दुधात साडेतीन टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो. विकतच्या बदाम दुधात तो पुष्कळदा एक टक्क्याच्या आसपासच असतो, आणि बर्फ पडला की उरलासुरला दाटपणाही जातो. म्हणून स्निग्धता वेगळी घालावी लागते. त्यासाठी काजू सर्वांत सोपे, कारण ते गाळावे लागत नाहीत.

दोन ग्लासांसाठी ३० ग्रॅम काजू कडकडीत पाण्यात अर्धा तास भिजवावेत. तेवढ्या वेळात २० ग्रॅम कॉफी पावडरवर १६० मिलि गरम पाणी घालून चार मिनिटांनी गाळावे. चोथा पाणी धरून ठेवतो, त्यामुळे हाती सुमारे १२० मिलि काढा येतो. तो कडक वाटेल, पण पुढे बर्फ त्याला सौम्य करणारच आहे. हा काढा फ्रिजमध्ये पूर्ण गार करावा. ही पायरी गाळू नये. कॉफी मुळात आम्लधर्मी असते. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की सोया किंवा बदाम दुधातली प्रथिने गोळा होतात आणि पेयात पांढरे कण तरंगू लागतात. शिवाय गरम कॉफी बंद भांड्यात फिरवली तर वाफेच्या दाबाने झाकण उडू शकते.

काजू उपसून १२० मिलि गार पाण्याबरोबर मिनिट-दीड मिनिट वाटावेत. बोटांच्या चिमटीत घेऊन पाहावे. रवाळ लागले तर आणखी फिरवावे. बर्फ पडल्यावर ते बारीक होत नाहीत. मग गार कॉफी, ४० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घालून साखर विरघळेपर्यंत फिरवावे. साखर फार कमी करू नये: ती गोडीसाठी तर हवीच, पण तिच्यामुळे बर्फाचा चुरा मऊ राहतो. शेवटी २०० ग्रॅम बर्फ घालून थांबत थांबत, एकूण अर्धा मिनिट फिरवावे. आधी खडखडाट होतो. तो थांबून भांड्यात मधोमध भोवरा दिसला की लगेच बंद करावे. पुढे पात्याच्या घर्षणानेच बर्फ वितळतो. पाते नुसतेच फिरत असेल आणि बर्फ वर अडकला असेल तर दोन चमचे गार पाणी पुरते.

निम्मा बर्फ हलक्या कॉफीचा लावला तर शेवटचा घोटही फिका लागत नाही. ग्लासात काही मिनिटांत खाली पाणी आणि वर फेस असे दोन थर होतात. ते टाळायचे तर पाव चमच्याहूनही कमी झॅन्थन गम (पेय दाट करणारी पावडर) कोरड्या साखरेत मिसळून घालावा. थेट टाकल्यास गुठळ्या होतात, जास्त झाल्यास पेय बुळबुळीत होते. घरी केलेले ओटचे दूधही जास्त फिरवल्याने असेच चिकट होते, म्हणून या कामाला ते मी सुचवणार नाही. काजू चालत नसतील तर ६० मिलि दाट नारळाचे दूध आणि ६० मिलि पाणी घ्यावे, मात्र नारळाची चव कॉफीत उतरते.

पाककृती छापताना आणखी एक काळजी घ्यावी, ही विनंती. लॅक्टोज-मुक्त दूध हे दूधच असते, त्यात दुधाची प्रथिने असतात. ‘नॉन-डेअरी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक क्रीमर पावडरींत सोडियम केसिनेट असते, तेही दुधापासूनच काढलेले प्रथिन. दुधाची ॲलर्जी असलेल्याला यांतले काहीच चालत नाही. तेव्हा ‘दुग्धविरहित’ या शीर्षकाखाली हे दोन पदार्थ सुचवू नयेत. काजू किंवा बदाम वापरले असतील तर तेही पहिल्याच ओळीत लिहावे, कारण त्यांचीही ॲलर्जी अनेकांना असते.

आपला,
एक वाचक