खानापूरच्या मिस्त्रीमामांचे जाहीर आभार

आदरणीय मिस्त्रीमामा,
सप्रेम नमस्कार.

मारुती जिप्सी दारात आल्याआल्या तुम्ही कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोलायला घेतला नाहीत, त्याबद्दल आधी आभार. केरीकडून चोर्ला घाट चढताना गाडी धक्के मारायची आणि गरम झाली की स्लोला (पाय न दाबता इंजिन संथ चालू असताना) बंद पडायची. दुसरीकडे सरळ ‘नवा कार्बोरेटर घाला’ म्हणून सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, “स्लोचा दोष वेगळा, घाटाचा वेगळा. आधी करंट, मग हवा, मग पेट्रोल. कार्बोरेटर कुठं पळून जातोय?” बेळगाव, खानापूर, चंदगड पट्ट्यात १९८५ साली आलेली ९७० सीसीची जिप्सी आणि १९९६ ची १३०० सीसीची जिप्सी किंग अजून बऱ्याच जणांकडे आहे. त्यांच्याही उपयोगी पडावं म्हणून तुमची पद्धत इथं सविस्तर लिहितो.

करंटचं, म्हणजे प्लगच्या ठिणगीचं, काम लवकर उरकलं. प्लगची गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर. पॉइंटवाल्या ९७० सीसीला पॉइंटची (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांची) गॅप ०.४ ते ०.५. डेल्कोची (प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) टोपी आतून कोरडी पुसून चीर आहे का ते बघायचं, कारण कणकुंबीच्या पावसात दमट टोपीतून करंट भलतीकडे जातो. डेल्कोला जाणारी व्हॅक्यूमची (इंजिनच्या ओढीची) नळी तोंडाने ओढून धरली की डेल्कोची प्लेट सरकली पाहिजे आणि ओढ सोडेपर्यंत तिथंच राहिली पाहिजे. परत आली तर डायफ्राम (आतला लवचीक पडदा) फाटलाय. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) टाइट असले तरी स्लो बिघडतो आणि दोष कार्बोरेटरवर येतो, हेही तुम्ही तपासलंत.

खरी कमाल हवेच्या तपासात. इंजिन गरम, स्लोला फडफडतंय. तुम्ही चोक (हवा कमी करणारी झडप) हळूच थोडा ओढलात आणि इंजिन सावरलं. म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. चोक ओढल्यावर आणखी बिघडलं असतं तर पेट्रोल जास्त. मग पहिल्या बटरफ्लायचा (पायाने उघडणाऱ्या हवेच्या झडपेचा) शाफ्ट दोन बोटांत धरून वरखाली हलवलात, तसा इंजिनचा आवाज बदलला. शाफ्टचं भोक झिजून लांबट झालं होतं आणि तिथूनच हवा आत जात होती. स्लोला बटरफ्लाय जवळपास बंद, मॅनिफोल्डमध्ये (कार्बोरेटरकडून इंजिनात जाणाऱ्या नळीत) व्हॅक्यूम जोरात, म्हणून एवढीशी फटही नडते. पाय दाबला की व्हॅक्यूम उतरतो, फटीचा फरक उरत नाही. त्यामुळे घाटातल्या धक्क्यांचं कारण ही फट असूच शकत नाही, हे तुम्ही त्याच वेळी सांगितलंत.

आधी कुणीतरी स्लो टिकावा म्हणून रेसचा (स्लोचा वेग ठरवणारा) स्क्रू बराच आत फिरवला होता. त्याने बटरफ्लाय उघडाच राहतो, पेट्रोल स्लोच्या भोकाऐवजी वरच्या भोकांतून यायला लागतं आणि मिक्स्चरचा (स्लोचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) स्क्रू कितीही फिरवला तरी इंजिनला फरक पडत नाही. हे लक्षण दिसलं की स्क्रूशी झटापट थांबवायची. स्लोचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) तुंबला असेल किंवा किल्ली लावल्यावर स्लोचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) ‘टक्’ करत नसेल, तरीही स्क्रू असाच निकामी होतो.

कार्बोरेटरची बॉडी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर नेऊन पितळी बुश बसवून घेतलेत. त्यानंतरचं काम फार नाजूक होतं. बटरफ्लायचे दोन बारीक स्क्रू सैल ठेवून पत्रा पूर्ण बंद केलात, उजेडासमोर धरून कडेने सगळीकडे सारखाच उजेड येतोय ना बघितलंत, मगच स्क्रू आवळलेत आणि मागून त्यांची टोकं ठोकून पसरवलीत. तो स्क्रू सुटला तर थेट सिलिंडरमध्ये जातो. कार्बोरेटरखालचा जाड इन्सुलेटरही दोन्ही बाजूंच्या नव्या पॅकिंगसह परत बसवलात. काही ठिकाणी तो काढून नुसतं पातळ पॅकिंग घालतात. मग इंजिनची उष्णता फ्लोटच्या भांड्यात (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं तिथं) चढते, गाडी उभी केल्यावर पेट्रोल उकळतं आणि गरम इंजिन सुरू व्हायला त्रास देतं.

घाटाचा दोष पेट्रोलचा निघाला. थंड इंजिनवर कॉइलची वायर काढून, कार्बोरेटरकडची नळी बाटलीत सोडून स्टार्टर मारलात. धार जोरात होती, पण तिच्यात बुडबुडे. टाकीपासून एसी पंपापर्यंतचं (इंजिनवर चालणाऱ्या पेट्रोल पंपापर्यंतचं) जुनं रबर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने मऊ पडून चिरलं होतं. पंप तिथून ओढतो, त्यामुळे पेट्रोल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. स्लोला तेवढं पेट्रोल पुरतं, भांड्याच्या काचेत पातळी खुणेवर दिसते. चढावर मागणी वाढली की भांडं रिकामं होत जातं. एसी पंपाचा डायफ्राम शाबूत आहे ना, हे ऑइलची काडी हुंगून बघितलंत. तो फाटला की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंग जातात.

शाफ्टसाठी बॉडी सुटीच झाली होती, म्हणून जेटही साफ केलेत, पण फक्त हवा मारून. तार घातली की पितळेचं भोक मोठं होतं आणि जेटवरच्या नंबराला अर्थ राहत नाही. भांड्याच्या तळाशी पांढरी पूड होती. पावसाळ्यात उभ्या गाडीत पाणी उतरल्याची ती खूण.

शेवटी इंजिन गरम करून, एअर क्लीनर बसवून, मिक्स्चरचा स्क्रू सगळ्यात चढा आवाज येईल तिथं आणलात आणि रेस मिनिटाला ८५० फेऱ्यांच्या आसपास ठेवलीत. पैसे घेतलेत ते बुश, पॅकिंग, नळ्या आणि मजुरीचे.

आमच्यातली ९७० सीसीची गाडीही पावसाळ्याआधी घेऊन येतो. तिचा शाफ्ट हलवून बघितला, त्यात खेळ आहे. मिस्त्रीमामा, तुमचे मनापासून आभार.

आपले,
बेळगाव-खानापूरचे जुने जिप्सीवाले