मधुमेही सभासदांच्या पायांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

कोपरखैरणे येथील आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने मधुमेही सभासदांच्या पायांची तपासणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी करण्याचे ठरविले असून, त्यासाठी परिसरातील रहिवासी, व्यापारी आणि डॉक्टर यांच्याकडे मदत मागत आहोत.

आमच्या अनेक सभासदांनी वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत आयुष्यभर पाठीवर पोती वाहिली. पाय दुखणे ही त्यांच्या लेखी तक्रारच नव्हे. रात्री तळपायांची आग झाली की गार लादीवर पाय टेकवायचे, मुंग्या आल्या की तेल चोळून घ्यायचे आणि सकाळी ‘आता वय झाले’ म्हणून विषय संपवायचा. गेल्या पावसाळ्यात त्यांपैकी एक जण कार्यालयात आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी जिन्यात निसटली होती, आणि आम्ही दाखवून देईपर्यंत त्यांना त्याचा पत्ता नव्हता. अंगठ्याखाली जखम होती, तीही ठाऊक नव्हती.

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की मज्जातंतूंना आणि त्यांना रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांना इजा होते. पावलांपर्यंत जाणारे तंतू सर्वांत लांब असल्याने त्रास बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवावा तसा वर सरकतो. काहींना पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. पुढे आग थांबली की माणूस बरे वाटले म्हणतो. पुष्कळदा ती बधिरता असते, आणि आम्हाला अधिक भीती तिचीच वाटते.

झालेली इजा भरून काढणारे औषध आज उपलब्ध नाही. साखर आटोक्यात ठेवणे हा पाया. वेदनेसाठी डॉक्टर प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन देतात, त्याने दुखणे कमी होते, सहसा पूर्ण जात नाही. या गोळ्यांनी गुंगी येऊन रात्री उठताना तोल जाऊ शकतो, म्हणून शेजाऱ्याची गोळी उसनी घेऊ नये (घेतली जाते, हे आम्ही पाहिले आहे). मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी 12 जीवनसत्त्व कमी होऊनही अशाच मुंग्या येतात. ते रक्ततपासणीत कळते आणि त्यावर उपाय आहे.

तपासणीचे साहित्य साधे आहे : स्पर्श कळतो का हे पाहण्यासाठी 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू आणि कंपन कळते का हे पाहण्यासाठी 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे आघाताने कंप पावणारा धातूचा दुभंगी काटा. कंपनाची जाणीव आकड्यांत मोजणारे बायोथेसिओमीटर महाग असल्याने तूर्त त्याचा आग्रह नाही. खरा खर्च आहे तो एमसीआर चपलांचा, म्हणजे मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या, मागे पट्टा असलेल्या चपलांचा. पट्टा नसेल तर त्याही जिन्यातच राहतील. गरजू सभासदांच्या बी 12 तपासणीचे शुल्कही देणगीतून भरावयाचे आहे.

देणगी धनादेशाने किंवा रोख स्वीकारली जाईल व पावती दिली जाईल. वापरलेल्या चपला आणि उरलेली औषधे कृपया आणू नयेत. महिन्यातून दोन तास देऊ शकणारे एक डॉक्टर आणि खाली बसून वृद्धांचे पाय हातात घेऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत नीट पाहण्यास न संकोचणारे चार स्वयंसेवक आम्हाला हवे आहेत. संघाचे कार्यालय रविवारखेरीज रोज सायंकाळी 5 ते 7 उघडे असते.

आपला,
कार्यवाह